घरगुती मत्स्यालय : फिल्टरची योग्य निवड

घरात अथवा शाळेच्या प्रयोगशाळेत हौसेने मांडलेल्या मत्स्यालयातील मासे पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. पाणी तर आरशासारखे नितळ असते. परंतु नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही.

माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो दिसत नाही. मात्र माशांच्या कल्ल्यांना तो घातक असतो. विशिष्ट जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच होय. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून नियमितपणे थोडे थोडे पाणी बदलल्याने ते आटोक्यात राहते. या जीवाणूंना वस्तीसाठी सच्छिद्र पृष्ठभाग व प्राणवायुयुक्त वाहते पाणी पुरविणे, हे फिल्टरचे खरे कार्य होय. केवळ गाळ अडविणे हे त्याचे दुय्यम काम आहे.

निवड करताना टाकीचे आकारमान प्रथम पाहावे. २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तासाला हे पाणी चार वेळा फिरावे, या सर्वसाधारण प्रमाणानुसार तासाला सुमारे २२० लिटर क्षमतेचा फिल्टर पुरेसा ठरतो.

त्यानंतर माशांचा विचार करावा. गप्पी, फायटर यांसारख्या लहान माशांना व पिलांना जोराचा प्रवाह सोसत नाही. त्यांच्यासाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर उत्तम. तो स्वस्तही असतो. गोल्डफिश पुष्कळ घाण करतो, म्हणून त्यास काठावर अडकविण्याचा अधिक क्षमतेचा फिल्टर हवा. मोठ्या टाकीस बाहेर ठेवावयाचा डब्याचा फिल्टर सोयीचा असतो. खडीखालील फिल्टरमध्ये गाळ साचत असल्याने खडी वेळोवेळी साफ करावी लागते.

फिल्टर कोणताही असो, जीवाणूंची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच सोडावेत व खाद्य बेताने द्यावे. स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊ नये. त्यातील क्लोरीनमुळे जीवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलकेच पिळावा. वीज गेल्यास पाणी उलटे पंपात शिरू नये यासाठी हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

फिल्टरमधील ही अदृश्य वस्ती जपली, तरच मत्स्यालयातील दृश्य जीवसृष्टी टिकते. शाळेतील मत्स्यालयातून विद्यार्थ्यांना मिळणारा हा निसर्गाचा मोलाचा धडा होय.