आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

रुग्णसेवेची कोणती पद्धत श्रेयस्कर, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा इस्पितळांच्या इमारती आणि विम्याच्या रकमा यांपाशीच थांबते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो रुग्ण मात्र चर्चेबाहेर राहतो.

बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा आम्हांला अभिमान आहे. 1842 पासूनची परंपरा असलेल्या या संस्थेच्या दारी सिंधुदुर्गातील रुग्णही आशेने येतो. परंतु काणकोण वा सत्तरीतील वृद्धेला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही बांबोळी गाठावी लागली, तर ती गोळ्या घेणेच सोडून देईल. आणि पुढे पक्षाघात झाल्यावर रुग्णवाहिकेतून तेथेच येईल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ती ही अशी!

2016 साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने लहान कुटुंबास अडीच लाख व मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले, हे स्वागतार्हच. मात्र असा विमा मुख्यतः रुग्ण खाटेवर पडल्यावर उपयोगी पडतो. मधुमेह, रक्तदाब हे जन्माचे सोबती; त्यांचा रोजचा खर्च खिशातूनच होतो. मूत्रपिंड निकामी झाल्यावर लाखो रुपये देणारी व्यवस्था ते वाचविण्यासाठी थोडके रुपये खर्चीत नसेल, तर तो हिशेब उफराटाच म्हणावा लागेल.

प्राथमिक आरोग्य केंद्र हाच सेवेचा पाया असावा, असे भोर समितीने 1946 साली सांगितले; 1978 च्या आल्मा आटा परिषदेनेही तेच बजावले. साधारण 30 हजार लोकवस्तीस, डोंगराळ भागात 20 हजारांस, एक केंद्र हा आपला राष्ट्रीय निकष आहे. परंतु केंद्र म्हणजे केवळ पाटी नव्हे. तेथे डॉक्टर, औषधे आणि तपासणीची सोय रोज हवी.

हे अशक्य नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचा हृदयालेख आरोग्य केंद्रातच काढून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावा आणि त्याच्या सल्ल्याने गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच द्यावे, अशी योजना याच गोव्यात राबविली गेली आहे. तज्ज्ञाचे ज्ञान गावात गेले. रुग्णाची अमूल्य घटका वाचली.

आमच्या मते खरी पद्धत ही. मोठे इस्पितळ हवे, विमाही हवा. पण ते कळस होत. पाया गावातच घातला पाहिजे. अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यापूर्वी एखाद्या आरोग्य केंद्राच्या औषधांच्या कपाटात डोकावून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.