यकृतातील प्राणवायूचा उतार

यकृताला शरीराची रसायनशाळा म्हटले जाते. प्रौढ व्यक्तीत सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव वरकरणी एकसंध दिसतो आणि त्याच्या पेशीही बहुतांशी सारख्याच भासतात. प्रत्यक्षात पेशी कोणत्या ठिकाणी आहे, यावर तिचे कार्य अवलंबून असते. ही कार्यविभागणी घडविण्यात प्राणवायूचा महत्त्वाचा वाटा आहे.

यकृताला रक्त दोन मार्गांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन या शिरेतून येते. त्यात अन्नरस विपुल, परंतु प्राणवायू बेताचाच असतो. उर्वरित रक्त धमनीतून येते व ते प्राणवायूने समृद्ध असते. यकृत असंख्य षट्कोनी खंडिकांचे बनलेले आहे. दोन्ही प्रवाह खंडिकेच्या कडेला एकत्र येऊन पेशींच्या रांगांमधून मध्यवर्ती शिरेकडे वाहतात. वाटेतील प्रत्येक पेशी आपला वाटा उचलते. परिणामी कडेला पाऱ्याच्या सुमारे ६० ते ६५ मिलिमीटर असलेला प्राणवायूचा दाब मध्याशी ३० ते ३५ मिलिमीटरपर्यंत उतरतो.

या उतारावर विकरांची, म्हणजेच एन्झाइम्सची, मांडणी झालेली आढळते. कडेच्या पेशींत नवी साखर घडविणारी, मेदाचे ज्वलन करणारी व अमोनियापासून युरिया तयार करणारी विकरे अधिक असतात. या कार्यांना प्राणवायूही अधिक लागतो. मध्याजवळ साखरेचे विघटन करणारी आणि औषधांवर प्रक्रिया करणारी विकरे प्रामुख्याने असतात.

जर्मनीतील कुर्ट युंगरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगशाळेत जोपासलेल्या यकृतपेशींवर याची परीक्षा घेतली. ग्लुकागॉन हे संप्रेरक दिले असता, धमनीतील पातळीइतका प्राणवायू मिळालेल्या पेशींत साखर घडविणारे विकर अधिक तयार झाले आणि शिरेतील पातळीइतका मिळालेल्या पेशींत कमी. म्हणजे प्राणवायू पेशींना ऊर्जा मिळवून देतो, तसाच त्यांना आदेशही देतो. मात्र तो एकटा नव्हे. संप्रेरके आणि मध्यवर्ती शिरेच्या अस्तरातून येणारे रासायनिक संदेश यांचाही या मांडणीत वाटा असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

रुग्णाच्या दृष्टीने या रचनेचे महत्त्व मोठे आहे. पॅरासिटामॉल अतिमात्रेत घेतल्यास मध्याजवळची विकरे त्याच्या काही भागाचे विषारी द्रव्यात रूपांतर करतात. ग्लुटाथायोन हा संरक्षक पदार्थ संपत आला की याच पेशी प्रथम नष्ट होऊ लागतात. रक्तदाब फार खालावला किंवा हृदय क्षीण झाले, तरी पहिला आघात येथेच होतो, कारण येथे प्राणवायू मुळातच कमी असतो. कारणे भिन्न, पण घाव एकाच जागी!

म्हणूनच ताप व सर्दीची औषधे एकत्र घेताना दोहोंत पॅरासिटामॉल नाही ना, हे पाहावे. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. अतिमात्रा झाल्यास पहिल्या दिवशी फारसा त्रास जाणवेलच असे नाही. तरीही लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. या काही तासांवर रुग्णाचे प्राण अवलंबून असू शकतात.