मैदानावरून आला की लंगडतो?

विठ्ठलवाडीत फिजिओथेरपी करताना अशी मुलं हमखास भेटतात. चवड्यावर चालत येतात. आई म्हणते, "खेळून आला की लंगडतो, सकाळी पुन्हा ठणठणीत! नाटकं नुसती!"

नाटकं नाहीत हो ती, टाच खरंच दुखत असते.

उभं राहिल्यावर निम्म्याहून जास्त भार टाचेवर येतो. साधारण ८ ते १४ वर्षांच्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून पूर्ण जुळलेला नसतो, मध्ये कूर्चा असते. हाडं झपाट्याने वाढतात, पोटरी मागे पडते आणि नेमकी तिथेच ओढ बसते. हाच 'सेव्हर्स डिसीज'. नाव भीतीदायक, पण हाड जुळलं की दुखणं थांबतं.

टाच दोन्ही बाजूंनी दाबा. मूल कळवळलं तर बहुधा हेच.

काही दिवस धावणं-उड्या कमी, बर्फाचा शेक, पोटरीचं स्ट्रेचिंग, बुटात मऊ हील पॅड.

सूज, ताप किंवा रात्री ठणका असेल तर थेट डॉक्टरांकडे. बाकी शंका कमेंटमध्ये विचारा.