हजची लस : मेडिकलवाल्याला काय विचारायचं?

हजचा नंबर लागला की घरात इहराम, बॅगा, औषधांचे डबे यांची धावपळ सुरू होते. लसीचा विषय निघतो तो व्हॉट्सॲपवर कुणीतरी ‘त्यात हराम चीज असते’ असा मेसेज टाकल्यावर. मग अम्मी म्हणतात, मला नकोच ती!

हजसाठी मेनिंजायटिसची लस सक्तीची आहे आणि त्यामागे कारण आहे. १९८७ मध्ये हजच्या काळात या आजाराची मोठी साथ आली. २००० मध्ये डब्ल्यू-१३५ या प्रकाराची आली आणि परतणाऱ्या हाजींसोबत अनेक देशांत पोहोचली. आता ए, सी, वाय, डब्ल्यू या चारही प्रकारांवरची लस लागते, तीही सौदीत पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी.

हज कमिटीतून जाणाऱ्यांना ती सरकारी शिबिरात मिळते. उमऱ्याला जाणाऱ्यांनी त्या वेळचा नियम टूरवाल्याकडून पक्का करून घ्यावा. बाहेरून लस घ्यायची असेल तर मोहल्ल्यातल्या मेडिकलवर शिकलेला फार्मासिस्ट असतो, त्याच्याशी बसून बोला. आपल्याकडे तो लस टोचत नाही, ते काम डॉक्टर किंवा नर्सचं. पण कोणती लस मागवायची, हे ठरवायला त्याची मोठी मदत होते.

हलालची शंका असेल तर लाजू नका, सरळ विचारा. खोक्यातल्या माहितीपत्रकावर घटकांची यादी असते. जिलेटिन आहे का, हे दोघांनी मिळून वाचता येतं. एकाच आजारावरच्या सगळ्या लसी सारख्या नसतात. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०१० मध्ये मेनिंजायटिसच्या वेगवेगळ्या लसी तपासून काहींना हलाल ठरवलं होतं. यादी वाचूनही मन मानत नसेल तर तिचा फोटो काढून मुफ्तीसाहेबांना दाखवा. फॉरवर्ड मेसेज दाखवून मसला विचारण्यात काय अर्थ?

अब्बांची जुनी लस झाली असेल तर तो कागद सोबत न्या. कॉन्जुगेट प्रकारच्या लसीचं सर्टिफिकेट ५ वर्षं चालतं, पॉलिसॅकराइडचं ३ वर्षं. कागदावर प्रकारच लिहिलेला नसेल तर ३ वर्षंच धरतात. म्हणून नवीन घेताना लसीचं नाव आणि प्रकार लिहून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आधी कुठल्या लसीने त्रास झाला होता का, सध्या ताप आहे का, हे तुम्हीच सांगायचं. विचारलं नाही म्हणून गप्प राहू नका. शुगर, दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्या बुजुर्गांसाठी फ्लूच्या लसीबद्दलही विचारा. ती सक्तीची नसली तरी मिनाच्या गर्दीत खोकला कुणाला सोडत नाही.

आणखी एक. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मेडिकलमधून घेतली तर बर्फाच्या पिशवीसह थेट दवाखान्यात न्या. घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठलेली लस फेकावीच लागते.