छायाचित्रे आणि नकाशे यांसाठी लॅपटॉपची निवड

पावसाळ्यात खाजन जमिनीचा बांध फुटला, की खारे पाणी भातशेतीत शिरते. कोणकोणत्या सर्व्हे क्रमांकांत पाणी गेले, बांध किती लांबीपर्यंत खचला, मानशीची स्थिती काय आहे, या सर्वांची नोंद छायाचित्रे व नकाशा यांच्या आधारे केल्यास दुरुस्तीचा प्रस्ताव बळकट होतो. हे काम आता लॅपटॉपवर करता येते. मात्र त्यासाठी सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र पुढे अनेक वर्षे वापरावे लागत असल्यामुळे त्याची निवड विचारपूर्वक होणे आवश्यक आहे.

खरेदीच्या वेळी सामान्यतः प्रोसेसरच्या नावाकडे प्रथम लक्ष जाते. प्रोसेसर महत्त्वाचा खराच. परंतु या दोन कामांत यंत्र अडखळते ते बहुधा रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती, अपुरी पडल्यामुळे. याचे कारण साध्या हिशेबाने समजते. 24 मेगापिक्सेलच्या छायाचित्रात रुंदीस 6000 व उंचीस 4000, असे एकूण 2 कोटी 40 लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांसाठी किमान तीन बाइट धरल्यास हे छायाचित्र उघडताच सुमारे 72 एमबी जागा व्यापते. कॅमेऱ्याच्या कार्डावर ते दाबून साठविलेले असल्याने लहान भासते, इतकेच. संपादनात त्यावर एकेक थर चढविला, की ही जागा वाढत जाते.

नकाशाचा व्याप याहून मोठा. ड्रोनने घेतलेल्या चित्रात एक ठिपका जमिनीवरील 5 सेंटीमीटर दाखवीत असेल, तर एका चौरस किलोमीटरसाठी 40 कोटी ठिपके लागतात. म्हणजेच सुमारे 1.2 जीबी माहिती. नुसता नकाशा पाहताना सॉफ्टवेअर लागेल तेवढाच भाग वाचते. परंतु चित्रावर प्रक्रिया करावयाची झाल्यास भार एकदम वाढतो. म्हणून 8 जीबी रॅमवर लहान कामे निभावली, तरी नियमित कामासाठी 16 जीबी असावी. ड्रोनची शेकडो छायाचित्रे जोडून नकाशा तयार करावयाचा असल्यास 32 जीबी रॅम व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांचा विचार करावा. केवळ सीमारेषा, रस्ते व विहिरी दर्शविणाऱ्या नकाशासाठी अशा कार्डावर खर्च करण्याचे कारण नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते व नंतर वाढविता येत नाही; ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

साठवणीसाठी फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी 512 जीबीची एसएसडी घ्यावी. मोठ्या फायली तिच्यावर पुष्कळ लवकर उघडतात. मूळ छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याची व्यवस्था त्याच अंदाजपत्रकात करावी.

पडदा हा दुर्लक्षित राहणारा भाग. स्वस्त पडदे रंगांची पूर्ण श्रेणी दाखवू शकत नाहीत. भाताच्या पानावरील पिवळेपणा अशा पडद्यावर फिका दिसला, तर छायाचित्रावरून रोगाचा अंदाज घेणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. यासाठी आयपीएस जातीचा आणि एसआरजीबी श्रेणीतील जवळजवळ सर्व रंग दाखविणारा पडदा मागावा.

यंत्रापूर्वी सॉफ्टवेअर निश्चित करणे इष्ट. आर्कजीआयएस प्रो केवळ विंडोजवर चालते. क्यूजीआयएस व छायाचित्र संपादनाचे गिंप ही दोन्ही विनामूल्य असून विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतात. त्यामुळे शाळा व ग्रामपंचायती यांना ती सोयीची आहेत. वापरलेले यंत्र घेताना आणखी एक दक्षता घ्यावी. विंडोज 10 ची सर्वसाधारण सुरक्षा सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालून क्यूजीआयएस वापरण्याचा मार्ग मात्र खुला राहतो.

निवड पक्की करण्यापूर्वी आपल्याच कामातील एक मोठा नकाशा व काही छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन, ती त्या यंत्रावर उघडून पाहावीत. जाहिरातीतील वर्णनापेक्षा ही चाचणी अधिक विश्वसनीय ठरते.

अखेरीस हेही ध्यानात ठेवावयास हवे, की लॅपटॉप मोजणीतील चूक सुधारीत नाही. मोबाइलवरील जीपीएसने बांधाची जागा पाच मीटर बाजूला दाखविली असेल, तर सर्वांत महागड्या यंत्रावरील नकाशातही ती पाच मीटर बाजूलाच राहील, आणि नुकसान एकाच्या शेताऐवजी शेजाऱ्याच्या नावावर नोंदले जाईल. म्हणून गरजेपुरते यंत्र घेऊन उरलेला निधी अचूक मोजणीवर आणि काम करणाऱ्याच्या प्रशिक्षणावर खर्च करणे हेच गावाच्या हिताचे होय.