व्याजदराच्या आधी मुदत

पुण्यातील येरवड्यात 1871 पासूनचे मध्यवर्ती कारागृह आणि प्रादेशिक मनोरुग्णालय यांसारख्या राज्य शासनाच्या जुन्या आस्थापना आहेत, तशीच अलीकडच्या दोन-तीन दशकांत उभी राहिलेली संगणक कंपन्यांची कार्यालयेही आहेत. या दोन प्रकारच्या नोकऱ्यांमध्ये निवृत्तीच्या बाबतीत पूर्वी मोठा भेद होता. शासकीय कर्मचाऱ्याला अखेरच्या वेतनावर आधारलेली पेन्शन तहहयात मिळे, तर खासगी नोकराला भविष्यनिर्वाह निधी आणि स्वतःची बचत यांवर विसंबावे लागे. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना परिभाषित अंशदान योजना आणि पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि हा भेद बराच पुसट झाला, कारण नव्या व्यवस्थेत किती रक्कम भरायची हे ठरलेले असते, हाती किती येणार हे मात्र बाजारावर अवलंबून राहते. मार्च 2023 मधील राज्यव्यापी संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गाजली, परंतु दरमहा कापली जाणारी रक्कम नेमकी कोठे गुंतते, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या मूळ पर्यायात समभागांचा वाटा दीर्घकाळ 15 टक्क्यांच्या मर्यादेत राहिला आणि उरलेली रक्कम मुख्यतः रोख्यांत गेली. रोखा म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरावीक व्याजाने, ठरावीक मुदतीसाठी दिलेले कर्ज होय. त्यामुळे आपला बाजाराशी काही संबंध नाही असे मानणारा कारागृह शिपाईही प्रत्यक्षात रोखेबाजारातील मोठ्या मुदतीचा सावकार असतो. खासगी क्षेत्रातील सभासदाला समभागांचा ‘ई’, कंपन्यांच्या कर्जरोख्यांचा ‘सी’ आणि सरकारी रोख्यांचा ‘जी’ अशा वर्गांतून स्वतः निवड करता येते, आणि ही निवड बहुधा मागच्या वर्षीचा परतावा पाहूनच केली जाते.

मागच्या वर्षीचा परतावा का फसवतो, हे एका उदाहरणावरून कळेल. शंभर रुपयांचा, वर्षाला सात रुपये व्याज देणारा, दहा वर्षे मुदत उरलेला सरकारी रोखा घ्यावा. बाजारातील व्याजदर आठ टक्क्यांवर गेला, की सात रुपयांच्या रोख्याला कोणी शंभर रुपये देत नाही आणि त्याची किंमत सुमारे 93 रुपये 30 पैशांवर येते. मुदतीचे एकच वर्ष उरले असेल, तर तीच किंमत 99 रुपयांच्या थोडी वरच राहते. दर घसरले की उलट घडते, आणि अशा वर्षी ‘जी’ वर्गाचा परतावा डोळे दिपवणारा दिसतो. सरकारने एक पैसाही बुडवलेला नसताना खात्यातील आकडा खाली येतो तो यामुळेच. पंचविशी-तिशीतील सभासदाला या घसरणीची चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्याचे पुढचे हप्ते वाढीव दराने गुंततात. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

‘सी’ वर्गात याखेरीज कर्जदारच बुडण्याचा धोका असतो. आयएल अँड एफएस समूहाच्या रोख्यांना ऑगस्ट 2018 पर्यंत सर्वोच्च ‘एएए’ मानांकन होते, आणि सप्टेंबरमध्ये समूहाने देणी थकवली तेव्हा निवृत्तिवेतन निधींचे पैसेही त्यात अडकले.

दर पडण्याचाही एक धोका असतो, जो ठेवीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेव ठेवतानाचा दर पाच वर्षे कायम राहतो आणि व्याज दर तिमाहीस मिळते. 1 एप्रिल 2020 रोजी हा दर 8.6 वरून एकदम 7.4 टक्क्यांवर आला. त्या काळच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे 15 लाख रुपये, मार्चमध्ये ठेवणाऱ्याला तिमाहीस 32,250 रुपये मिळाले, तर एप्रिलमध्ये ठेवणाऱ्याला 27,750 रुपये. निवृत्तीची सारी रक्कम एकाच दिवशी, एकाच मुदतीत अडकवणे म्हणजे उरलेल्या आयुष्याचा खर्च त्या दिवसाच्या दरावर सोडणे होय. त्यापेक्षा काही रक्कम या योजनेत, काही एक-दोन वर्षांच्या ठेवीत, तर काही रिझर्व्ह बँकेच्या सात वर्षांच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांत ठेवणे शहाणपणाचे ठरते. या रोख्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा 0.35 टक्क्याने अधिक असतो आणि दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो.

पुणेकराला एफडी जवळची वाटते आणि त्यातही ओळखीच्या सहकारी बँकेची. 1912 मध्ये स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे अनेक निवृत्तांनी स्वतःच्याच पैशांसाठी खेटे घालण्यात काढली. ठेवींचे विमासंरक्षण निर्बंध आले तेव्हा एक लाख रुपये होते, ते फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाले, आणि ही मर्यादा एका बँकेतील एका व्यक्तीच्या मुद्दल व व्याज मिळून असलेल्या रकमेला लागू होते. अर्धा-पाऊण टक्का जादा व्याजासाठी त्यापलीकडची रक्कम एका लहान बँकेत ठेवण्याचे समर्थन करता येत नाही.

राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त होतात, आणि ज्येष्ठ नागरिक योजनेची सर्वसाधारण वयाची अट 60 आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षे ही योजना आपल्याला मिळणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे लाभ हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या लाभांच्या रकमेपर्यंत आणि कमाल 30 लाख रुपयांच्या मर्यादेत हे खाते उघडता येते. पूर्वी ही मुदत एकच महिना होती. निवृत्तीच्या वर्षात असलेल्यांनी लाभ मिळाल्याच्या दाखल्यासह टपाल कार्यालयात किंवा बँकेत जाण्याची तारीख आधीच ठरवून ठेवावी.