रात्रीच्या सायकलला बत्ती कशी घ्यावी?



रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला मळ्यात जावेच लागते. पुष्कळ सभासद व त्यांचे गडी अजून सायकलनेच जातात. उसात बिबट्या निघणे आता नवे राहिलेले नाही. म्हणून या अंकात चंद्रपूर-गडचिरोलीकडची गोष्ट सांगतो. तिकडे ऊस थोडा नि धान फार. पण अंधारातली सायकल दोन्हीकडे सारखीच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात, काम आटोपून रात्री सायकलने घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने मारले. हे ऐन शहरालगत घडले. मग जंगलातल्या वाटेचे काय सांगावे?

पूर्वी सायकलला डायनामो असे. ६ व्होल्ट, ३ वॅटचा. सेलचा खर्च नाही, पण चाक थांबले की उजेड गेला. म्हणजे जिथे थांबून नीट बघायचे, नेमका तिथेच अंधार! आता चार्जिंगची एलईडी बत्ती बेताच्या पैशात मिळते. घेताना एवढे बघा :

१) वॅट विचारू नका, ल्युमेन विचारा. गावच्या रस्त्याला १०० ते २०० ल्युमेन पुरतात. जंगलाच्या, खाचखळग्याच्या वाटेला ३०० ते ४०० हवेत.

२) झोत दुकानातच भिंतीवर पाडून बघा. मधेच ठिपका नि बाजूला काळोख, अशी बत्ती नको. ताशी १५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला ४ मीटर जाते. खड्डा दिसून सायकल उभी राहीपर्यंत दहा मीटर सहज जातात. म्हणून वीस मीटरवरचे स्पष्ट दिसले पाहिजे, कडेचे झुडूपही दिसले पाहिजे.

३) खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. १८६५० नंबरच्या चांगल्या सेलची ताकद ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच असते. त्यावर ९,९०० छापले असेल तर ती शुद्ध थाप समजा. घरी पूर्ण चार्ज करून, घड्याळ लावून, किती तास जळते ते एकदा बघाच.

४) पावसाचे शिंतोडे सोसणारी घ्या. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. झोत किंचित खाली ठेवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

आता मुख्य गोष्ट. बत्ती म्हणजे बंदूक नव्हे. उजेडाने वाघ पळतो असे धरून चालू नका. उजेडात जनावराचे डोळे लांबूनच चमकतात, सावध व्हायला वेळ मिळतो, एवढाच तिचा उपयोग. डोळे चमकले तर थांबा, पाठ फिरवून पळू नका, तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे सरा. आणि शक्यतो एकट्याने जाऊच नका. दोघे-तिघे मिळून, बोलत-बोलत जा.

बत्ती पैशाने मिळते, सोबत शेजाऱ्याला हाक मारल्यावर. रात्री मळ्यात निघताना दोन्ही बरोबर घ्या.